वासराचें मोल आणि पंधरा एप्रिल



सन २०२० च्या साथींत अमेरिकेच्या सरकारनें आपल्या शेतकऱ्यांस व गुरें पाळणारांस जें द्रव्यसाह्य दिलें, त्याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत. मीं आयुष्यभर मुलांस गणित शिकविलें. तेव्हां माझें लक्ष हिशेबाकडेच अधिक लागणार, हें आपण गोड मानून घ्यावें.

त्या वसंतांत तिकडे विलक्षण देखावा दिसला. खाणावळी व शाळा बंद पडल्या. दुधास गिऱ्हाईक उरलें नाहीं व गोठेवाल्यांस तें ओतून द्यावें लागलें. दक्षिण डाकोटांतील सू फॉल्स येथील डुकरांचा मोठा कत्तलखाना कामगारांत साथ शिरल्यामुळें एप्रिलांत बंद झाला. मागोमाग इतरही थांबले. गुरांचे भाव तर त्यापूर्वींच कोसळूं लागले होते.

१७ एप्रिल रोजीं सरकारनें १९ अब्ज डॉलरांची योजना जाहीर केली. तींतील ३ अब्ज दूध, भाजीपाला व मांस विकत घेऊन गरजूंस वांटण्यासाठीं, आणि १६ अब्ज थेट शेतकऱ्यांच्या हातीं. आपल्याकडील जुन्या तगाईप्रमाणें हें कर्ज नव्हतें. कौंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखा विभाग. तेथील शेतकी कचेरींत अर्ज करावयाचा व आंकडे ज्याचे त्यानें आपल्या सहीनिशीं सांगावयाचे. एका माणसास अडीच लाख डॉलरांहून अधिक मिळावयाचे नव्हते.

परंतु या १६ अब्जांच्या थैल्या दोन होत्या. साडेनऊ अब्जांची पहिली कायदेमंडळानें मार्चांत मंजूर केलेली. ती जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत भाव पडून झालेल्या नुकसानीसाठीं. साडेसहा अब्जांची दुसरी, १९३३ सालीं स्थापन झालेल्या कमॉडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेची. ती त्यापुढील अडचणींसाठीं. आतां उदाहरण घ्या. सहाशें पौंडांखालील वासरूं १५ जानेवारी ते १५ एप्रिल या काळांत विकलें असेल, तर त्यामागें १०२ डॉलर. तसलेंच वासरूं १६ एप्रिलला मालकाच्या कुरणांत उभें असेल, तर ३३! शंभर वासरांमागें एकास १०,२०० डॉलर व त्याच्या शेजाऱ्यास ३,३००.

विकणाऱ्याच्या पदरांत पडेल भावानें कां होईना, किंमत पडली होती. ज्यानें जनावर राखलें, वैरण घातली, त्यास जेमतेम तिसरा हिस्सा. शिवाय वासरें शरदांत विकावयाचीं, ही तिकडील बहुतेक कुरणवाल्यांची रीतच आहे. एप्रिलांत तीं आईजवळच असतात. सरकारनें लबाडी केली असें मी म्हणत नाहीं. तारखेची रेघ कोठें तरी ओढावीच लागते. पण ती बरोबर गोठ्यामधूनच गेली, हें ओढणारास दिसलें नाहीं काय?

सप्टेंबरांत दुसरी योजना निघाली. तींत पैदाशीचीं गुरें वगळून दर जनावरामागें ५५ डॉलर मिळाले. पुढें २०२१ च्या वसंतांत पहिल्या योजनेंतील राखलेल्या गुरांसाठीं वाढीव रक्कम जाहीर झाली. त्या लहान वासरामागें ती किती म्हणाल? सात डॉलर. मीं कागदावर बेरीज मांडली: ३३, ५५ आणि ७ मिळून ९५. शेजाऱ्याचे १०२ तोंपर्यंत केव्हांच खर्चून गेले असतील.