वाऱ्याची वीज, पाण्याची वीज आणि आपला हिशेब

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

मी मुंबईतल्या गोवंडीतून बोलतेय. इथल्या वस्त्यांमध्ये मी बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. आमच्या गटांत कुणी शिवणकाम करतं, कुणी मसाले कांडतं, कुणी पोळीभाजीचे डबे देतं, कुणी भंगार वेचून विकतं. आज मात्र मी कर्जाबद्दल किंवा हप्त्यांबद्दल बोलणार नाही. आज विजेबद्दल बोलायचंय. हा विषय तुमच्या गावच्या डोंगराशी जितका जोडलेला आहे, तितकाच आमच्या वस्तीतल्या दिव्याशी.

आमच्या एका गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "टीव्हीवर सांगतात, सूर्याची वीज खूप झाली, वाऱ्याची वीज खूप झाली. मग संध्याकाळी विजेची ओढाताण का होते?" प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर एका वाक्यात सांगायचं तर, वीज धान्यासारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. ती ज्या क्षणी तयार होते, त्याच क्षणी वापरावी लागते. ऊन दुपारी असतं, आणि दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर हे सगळं एकदम सुरू होतं संध्याकाळी सात वाजता. तेव्हा सूर्य मावळलेला असतो.

वाऱ्याचंही तसंच. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर किंवा धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात पवनचक्क्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या सगळ्यात जोरात फिरतात पावसाळ्यात, आषाढ-श्रावणात. ऑक्टोबरच्या उकाड्यात वारा पडतो आणि पाती संथ होतात. म्हणजे उन्हाची वीज दिवसाची, वाऱ्याची वीज हंगामाची. पाण्याची वीज मात्र जरा शहाणी. धरणात पाणी असलं की दार उघडायचं आणि काही मिनिटांत वीज सुरू.

म्हणून वीज कंपन्या आता एकाच गोष्टीवर भिस्त ठेवत नाहीत. आपण शेतात ज्वारीच्या ओळींत तूर घेतो, कडेला अंबाडी लावतो. एक पीक गेलं तर दुसरं हाताशी राहतं. तसंच त्या थोडं ऊन, थोडा वारा, थोडं पाणी आणि जोडीला साठवण असं मिश्र पीक घेतात. या चौघांत साठवण हा भाग नवा आहे, आणि आपल्या डोंगरांवर त्याचाच परिणाम जास्त होणार आहे. म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

वीज साठवायची एक जुनी युक्ती आहे. डोंगरावर एक तळं, पायथ्याला दुसरं तळं. जेव्हा वीज जास्त असते आणि कुणाला नको असते, तेव्हा त्या विजेवर पंप चालवून खालचं पाणी वर चढवायचं. संध्याकाळी वीज हवी असली की तेच पाणी वरून खाली सोडायचं आणि त्यावर यंत्र फिरवून वीज काढायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी वर. याला मराठीत उदंचन प्रकल्प म्हणतात. पेपरात हा शब्द आला तर घाबरू नका. उदंचन म्हणजे पाणी वर उपसणं.

महाराष्ट्रात असा प्रकल्प आधीपासून आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पुढे, घाटघर. वरचं धरण सह्याद्रीच्या माथ्यावर, खालचं कोकणाच्या बाजूला शहापूर तालुक्यात, आणि वीजघर डोंगराच्या पोटात. त्याची क्षमता 250 मेगावॅट. एक तास पूर्ण चाललं तर अडीच लाख युनिट वीज. महिन्याला 100 युनिट वापरणारी घरं धरली, तर एका तासात अडीच हजार घरांची महिन्याची वीज झाली.

आता हे आपल्या हंड्याच्या भाषेत सांगते. एक हजार लिटर पाणी चारशे मीटर उंचीवरून खाली सोडलं, तर साधारण एक युनिट वीज मिळते. पंधरा लिटरचा हंडा धरला तर सुमारे सदुसष्ट हंडे. ज्या बाईने उन्हाळ्यात घाट चढून एक हंडा आणलाय, तिला सदुसष्ट हंडे म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. एवढ्या पाण्यातून जे एक युनिट मिळतं, त्यावर दहा वॅटचा एलईडी दिवा शंभर तास चालतो. म्हणून मी आमच्या गटात सांगते, उगाच जळणारा दिवा बंद करा. त्यामागे कुठल्या तरी डोंगरावरचं पाणी आहे.

या साठवणीत घटही येते. गिरणीत दळण टाकलं की थोडं पीठ गिरणीत राहतंच ना, तसं. पाणी वर चढवायला 100 युनिट लागले, तर परत 75 ते 80 युनिट मिळतात. उरलेले वाया जातात. तरीही हे परवडतं, कारण दुपारची जादा वीज स्वस्त असते आणि संध्याकाळची महाग. बचत गटाचा जीवही यातच आहे. हातात पैसा असताना शंभर रुपये टाकायचे आणि अडीअडचणीला काढायचे.

साठवणीचा दुसरा प्रकार म्हणजे बॅटरी. मोबाइलमध्ये जी लिथियमची बॅटरी असते, तशाच बॅटऱ्या मोठमोठ्या कंटेनरमध्ये भरलेल्या. पंपापेक्षा यात घट कमी होते, आणि धरण लागत नाही, डोंगर लागत नाही, शहरातल्या वीज उपकेंद्राच्या आवारातही त्या बसतात. पण काही तास पुरवून त्या रिकाम्या होतात, आणि काही वर्षांनी बदलाव्या लागतात. मुंबईत 10 ठिकाणी मिळून 100 मेगावॅटच्या बॅटऱ्या बसवायला मंजुरी मिळाल्याचं टाटा पॉवरने 2025 मध्ये जाहीर केलं.

मुंबईला याची गरज का, तर 12 ऑक्टोबर 2020 ची सकाळ आठवा. बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या बंद पडल्या आणि सगळी मुंबई अंधारात गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनाचे दिवस, दवाखान्यांत जनरेटरवर काम चाललं. मुंबई आपल्या गरजेची बरीचशी वीज बाहेरून आणते. वाहिनी तुटली तर हाताशी काहीतरी साठवलेलं हवं, हा त्या दिवसाचा धडा.

आता मी त्या "बाहेरून" या शब्दावर येते. मुंबईत बसून आम्ही म्हणतो, वीज बाहेरून येते. पण ते बाहेर म्हणजे कुणाचं तरी गाव असतं, कदाचित तुमचंच.

1915 साली खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या परिसरात धरणं बांधून तिथलं पाणी घाटाखाली सोडलं आणि त्या विजेवर मुंबईच्या कापड गिरण्या चालल्या. मग भिवपुरी, मग भिरा. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीला धरण बांधायचं ठरलं आणि मावळातली सुपीक भातशेती पाण्याखाली जाणार हे कळलं. तेव्हा, 16 एप्रिल 1921 ला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्यात पुढे होते, आणि तिथूनच लोक त्यांना सेनापती बापट म्हणू लागले. या लढ्यात मावळातल्या बायका मागे नव्हत्या. कामावर जाऊन बसल्या, तुरुंगात गेल्या. धरण मात्र झालं. गिरण्यांना वीज मिळाली आणि शेतकऱ्यांचं रान बुडालं.

पुढे कोयना. 1,960 मेगावॅटचा प्रकल्प. महाराष्ट्राच्या कारखान्यांना, शेतीला आणि शहरांना त्याने बळ दिलं, हे खरंच. पण कोयनेच्या धरणासाठी जी गावं उठली, त्यातल्या अनेक कुटुंबांना साठ वर्षांनंतरही पुनर्वसनासाठी आंदोलन करावं लागलं. आजीच्या नावाने गेलेल्या जमिनीसाठी नात कागद घेऊन फिरते.

हे जुनं दुःख उगाळायला मी सांगत नाही. सांगते, कारण आता पुन्हा सह्याद्रीकडे नजर वळली आहे. 2023 मध्ये राज्य सरकारने उदंचन प्रकल्पांसाठी धोरण आणलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टाटा पॉवरने पुणे जिल्ह्यात शिरोत्याला 1,800 आणि रायगड जिल्ह्यात भिवपुरीला 1,000 मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी सरकारशी करार केला. घाटमाथ्यावर इतर कंपन्यांचेही प्रस्ताव आहेत. कोल्हापूर जिल्ह्यात पाटगाव धरणाचं पाणी वापरणाऱ्या प्रस्तावाला भुदरगड तालुक्यातल्या लोकांनी विरोध केला, कारण त्यांना शेतीच्या आणि पिण्याच्या पाण्याची चिंता वाटली.

मी या प्रकल्पांच्या विरोधात बोलत नाहीये. गोवंडीच्या जवळ, माहुलला ट्रॉम्बेचं औष्णिक वीज केंद्र आहे, रिफायनऱ्या आहेत. दुसऱ्या बाजूला देवनारचं डम्पिंग ग्राउंड. धूर म्हणजे काय, दम्याचं पोर रात्रभर मांडीवर घेऊन बसणं म्हणजे काय, हे आमच्या बायकांना ठाऊक आहे. कोळसा कमी जळावा असं आम्हाला मनापासून वाटतं. पण आमचा धूर कमी व्हावा म्हणून तुमचा हंडा रिकामा राहावा, असं आम्हाला नको. म्हणून सही करण्याआधी प्रश्न विचारा, एवढंच माझं म्हणणं आहे.

कुठले प्रश्न? वहीत लिहून घ्या.

पहिला प्रश्न पाण्याचा. कंपनी सांगेल, तेच पाणी वर-खाली फिरतं, खर्च होत नाही. हे बरंचसं खरं आहे. पण तळं पहिल्यांदा भरायला पाणी कुठून घेणार? उन्हाने जे आटेल ते दरवर्षी कुठून भरून काढणार? एप्रिल-मे महिन्यात गावाच्या नळाचा आणि गुरांच्या पाण्याचा हक्क आधी, असं कागदावर लिहिलं आहे का?

दुसरा जमिनीचा. पवनचक्कीसाठी जमीन विकत मागतात की भाड्याने? भाडं दर काही वर्षांनी वाढणार का? सातबाऱ्यावर बाईचं नाव आहे का? नसेल तर पैसे येतील नवऱ्याच्या खात्यात आणि जमीन जाईल दोघांची. रस्ता आणि तारा यांसाठी जाणाऱ्या जागेचे पैसे वेगळे विचारा.

तिसरा रानाचा. हिरडा, करवंदं, मध, सरपण, चराई यांवर कितीतरी घरं चालतात, आणि त्यांची नोंद कुठल्याच उताऱ्यावर नसते. गटाने स्वतः नोंद करावी. कोणत्या घरात वर्षाला रानातून काय येतं, ते एका रजिस्टरमध्ये लिहा. भरपाई मागताना तोच कागद उपयोगी पडेल.

चौथा प्रश्न, आमच्या गावाला काय? बांधकाम संपलं की मजूर परत जातात. कायमच्या नोकऱ्या किती आणि कुणाला? ग्रामपंचायतीला कर किती?

हे प्रश्न विचारायची जागाही आपल्याकडे आहे. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असं कायदा सांगतो. पुष्कळ गावांत ती कागदावरच होते. गटाच्या दहाजणी एकत्र गेल्या तर ती खरोखर होईल. ठराव लिहून घ्या, त्याची नक्कल मागा. आदिवासी क्षेत्रातलं गाव असेल तर पेसा कायद्याने ग्रामसभेला जास्त अधिकार दिलेत, ते समजून घ्या.

आता घरातल्या दोन गोष्टी. महावितरणने जुलै 2025 पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर सवलत सुरू केली. कारण तेच, दुपारी उन्हाची वीज भरपूर असते. मोटर, इस्त्री, शिलाई मशीन दुपारी चालवा. गटाची गिरणी किंवा शेवयांचं यंत्र व्यावसायिक जोडणीवर असेल तर तिचा दर वेगळा असतो. दर बदलतातही, म्हणून बिल घेऊन वीज कार्यालयात जा आणि आपल्याला काय लागू आहे ते विचारून घ्या.

दुसरी गोष्ट बॅटरीची. जुन्या बॅटऱ्या शेवटी भंगारात येतात, आणि भंगार आमच्याकडे येतं. 2022 च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. तरी मोबाइलच्या, खेळण्यांच्या, ई-स्कूटरच्या बॅटऱ्या कचऱ्यातून येतातच. फुगलेली लिथियमची बॅटरी टोचली, फोडली, तर पेट घेते. वेचणाऱ्या बाईच्या हातात हातमोजेही नसतात. तेव्हा कृपा करून अशी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. वेगळी ठेवा आणि दुकानदाराला परत द्या.

पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास या विषयाला द्या. आपल्या तालुक्यात पवनचक्कीचा, धरणाचा किंवा सौर प्रकल्पाचा काही प्रस्ताव आहे का, हे ग्रामसेवकाला लेखी विचारायचं ठरवा. अर्जावर सगळ्याजणींच्या सह्या घ्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. काय उत्तर आलं ते या मासिकाला कळवा, म्हणजे दुसऱ्या गावच्या गटांनाही त्याचा उपयोग होईल.

तुमच्या गावाला वीजही मिळो आणि पाणीही राहो.