लाजेचा बाजार

(नागपुरातील इतवारी येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पुरुषाच्या लिंगाला होणाऱ्या रोगांना समाजाने ‘गुप्तरोग’ असे नाव दिले आहे. रोग्याचे अर्धे नुकसान या नावातच आहे. पोट दुखले तर इतवारीतला हमाल शेजाऱ्याला सांगतो. लिंगावर व्रण उठला तर बायकोलाही सांगत नाही. ज्या मालाची उघड चौकशी करता येत नाही, त्याचा भाव विक्रेताच ठरवतो. भोंदू वैद्याचा धंदा या लाजेवर चालतो. अशा रोगांवरील औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी केली. परंतु लाज कायम राहिली आणि गिऱ्हाईकही राहिले.

गरमीचेच उदाहरण घ्या. तिचा पहिला व्रण बहुधा दुखत नाही आणि उपचार न करताही काही आठवड्यांत भरून येतो. श्रेय भोंदूच्या पुडीला मिळते. रोग मात्र रक्तात उतरतो, पत्नीला जडतो, गर्भातल्या मुलापर्यंत पोहोचतो. वेळीच ओळखली तर हीच गरमी पेनिसिलीनच्या एका इंजेक्शनने बरी होते.

शिवाय असा प्रत्येक रोग संगतीतून येत नाही. लिंगाच्या टोकाची कातडी वारंवार सुजणे, खाजणे, आवळत जाणे हे पुष्कळदा मधुमेहाचे लक्षण असते. आवळलेल्या कातडीखाली स्वच्छता राहत नाही आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. हा कर्करोग लवकर कळला तर अवयव वाचू शकतो. लपवला तर जांघेतील गाठींत पसरतो. घामाने निथळणाऱ्या मजुराला अंघोळीपुरते पाणी मिळणे, हाही म्हणूनच आरोग्याचा प्रश्न होय.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढून हे विषय उघड्यावर आणले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली डॉ. आंबेडकर त्यांचे वकीलपत्र घेऊन उभे राहिले. आजही दोष ठेवण्याची घाई आहेच. २०२१ साली इतवारीलगतच्या गंगाजमुना वस्तीचे रस्ते पोलिसांनी अडवले. रस्ते अडवून रोग अडत नाही. उपचारापासून दूर जातात ती माणसे.

कार्यकर्त्याचे काम स्पष्ट आहे. मेयो रुग्णालय इतवारीपासून दूर नाही. सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लैंगिक रोगांवर मोफत उपचार होतात. रोग्याला तेथे न्यावे, जोडीदाराचीही तपासणी करवावी, आणि तपासणीच्या वेळी आडोसा व सन्मान मिळावा असा आग्रह धरावा. रोग्याचे नाव गुप्त राहो; रोगाविषयीचे ज्ञान गुप्त राहता कामा नये.