पाण्याचा जमाखर्च

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित आरोग्य व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत मान्यवर डॉक्टरांनी हृदयविकार, मधुमेह अशा गंभीर विषयांवर मौलिक विचार मांडले. त्यानंतर कापडाच्या एका व्यापाऱ्याने पिण्याच्या पाण्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. मी वैद्यकाचा अभ्यासक नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. परंतु जमा आणि खर्च यांचा मेळ घालण्यात माझे आयुष्य गेले आहे, आणि शरीरातील पाण्याचा प्रश्न हा मूलतः जमाखर्चाचाच प्रश्न आहे, असे माझे मत आहे.

आपल्या समाजाने पाणी कसे प्यावे याचा विचार फार प्राचीन काळापासून केला आहे. गाळल्यावाचून पाणी प्यायचे नाही, हा संस्कार सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी झाला. त्याचा लाभ माणसाच्या आरोग्यालाही मिळाला. बांगलादेशातील खेड्यांत झालेले एक संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या सुती साडीची अनेक पदरी घडी करून तिच्यातून पाणी गाळले असता कॉलऱ्याचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले, असे त्यात आढळले. पाण्याच्या शुद्धतेबाबत आपण असे जागरूक आहोत. परंतु पाणी किती आणि केव्हा प्यावे, हा निर्णय मात्र आपण सर्वस्वी तहानेवर सोपवून मोकळे होतो. तहान हा मुनीम तरुणपणी बऱ्यापैकी विश्वासू असतो. बालपणी आणि वार्धक्यात मात्र त्याच्या नोंदींवर विसंबून चालत नाही. आज मला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे.

प्रथम खर्चाची बाजू पाहू. प्रौढ माणसाच्या शरीरातून सर्वसाधारण हवामानात दररोज सुमारे अडीच लिटर पाणी बाहेर पडते. त्यातील सुमारे दीड लिटर लघवीवाटे जाते. उरलेले मुख्यतः त्वचा आणि श्वास यांवाटे नकळत जाते. उन्हात किंवा श्रमात घामाचा खर्च वाढतो, तो वेगळा. जमेच्या बाजूला केवळ पाण्याचा पेला नसतो. वरण, भाजी, ताक, फळे यांतूनही पाणी मिळते. साधारणतः एकूण गरजेच्या पाचव्या हिश्श्यापासून चौथ्या हिश्श्यापर्यंत ते अन्नातून येते. म्हणून प्रत्येकाने मोजून आठ पेलेच प्यावेत, असा कठोर नियम करण्याचे कारण नाही. दिवसभरात सुमारे दोन लिटर द्रव पोटात जावे, हा प्रौढांसाठी ढोबळ अंदाज पुरेसा आहे. वय, ऋतू आणि काम पाहून तो कमीअधिक करावा.

आता वयानुसार विचार करू. नवजात बालकाच्या शरीरात सुमारे ७५ टक्के पाणी असते. तरीही पहिले सहा महिने त्याला वरचे पाणी देऊ नये. आईच्या दुधातच त्याच्या गरजेपुरते पाणी असते, अगदी उन्हाळ्यातसुद्धा. जागतिक आरोग्य संघटनेची हीच शिफारस आहे. बाळाचा घसा सुकला असेल म्हणून चमचाभर पाणी पाजणाऱ्या आजीबाईंची माया खरी. पण त्यामुळे बाळाचे दूध कमी होते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. अशा वेळी पाण्याची खरी गरज असते ती आईला. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१० च्या प्रमाणांनुसार स्तनदा मातेला नेहमीपेक्षा रोज सुमारे ७०० मिलिलिटर पाणी अधिक लागते. ‘बाळंतिणीला पाणी कमी द्यावे’ ही काही घरांतील समजूत म्हणूनच सोडून द्यावयास हवी.

लहान मुलांना जुलाब लागले की शरीरातील पाण्याचे दिवाळे काही तासांत निघू शकते. १९७१ च्या बांगलादेश युद्धकाळात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण रुग्णांना तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक माता-पित्याला तोंडपाठ असावे. तयार पाकीट मिळाले तर अधिकच उत्तम. मात्र त्यावर लिहिले असेल तितक्याच पाण्यात ते विरघळवावे.

शाळेत जाणाऱ्या मुलांची गोष्ट निराळी. खेळाच्या नादात त्यांना तहानेचे भान राहत नाही आणि सकाळी भरून दिलेली बाटली सायंकाळी तशीच परत येते. मुलींच्या बाबतीत कारण अधिक गंभीर आहे. शाळेतील स्वच्छतागृह अस्वच्छ असले की त्या दिवसभर पाणी पिण्याचेच टाळतात. त्यातून डोकेदुखी, बद्धकोष्ठ आणि मूत्रमार्गाचे विकार जडतात. केरळमधील काही शाळांनी २०१९ मध्ये केवळ पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा देण्याची पद्धत सुरू केली. ही कल्पना अनुकरणीय आहे; परंतु घंटेबरोबर स्वच्छतागृहही स्वच्छ हवे, अन्यथा तिचा उपयोग मुलींना होणार नाही.

आम्हा दुकानदारांचा दिनक्रम आपणास ठाऊकच आहे. गादीवर बसले की प्रत्येक गिऱ्हाईकामागे चहा येतो, पाण्याचा तांब्या मात्र कोपऱ्यातच राहतो. चहाने शरीरातील पाणी सुकते ही समजूत अतिशयोक्त आहे. चहातील पाणीही जमेस धरले जाते. परंतु दिवसाला सात-आठ चहा म्हणजे तितकी साखरही पोटात जाते, आणि जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातील लोह शरीरात शोषले जाण्यात अडथळा आणतो. आपल्या दुकानांसमोर हातगाडी ओढणाऱ्या हमालबंधूंचा खर्च तर आपल्याहून कितीतरी अधिक आहे. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेची भीषण लाट आली. लगतच्या वर्षांच्या मे महिन्याशी तुलना करता त्या एका महिन्यात १,३४४ अधिक मृत्यू झाल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा तयार केला, आणि पाणपोया हा त्याचा एक भाग आहे. उन्हाळ्यात दुकानाच्या दाराशी थंड माठ आणि सोबत मीठ घातलेले ताक ठेवणे हे केवळ पुण्यकर्म नसून नागरिक म्हणून आपले कर्तव्य आहे.

आता ज्या वयाकडे मी स्वतः वाटचाल करीत आहे, त्याकडे वळतो. वार्धक्यात शरीरातील पाण्याचे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे मुळातच शिल्लक कमी. मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची शक्ती घटते. त्यातच तहानेची जाणीव मंदावते. अनेकांना रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी औषधे असतात. याउपर रात्री उठावे लागू नये म्हणून ज्येष्ठ मंडळी आपणहून पाणी कमी करतात. वय झाले म्हणून गरज कमी झाली, असे मात्र नसते. मघाशी उल्लेखिलेल्या प्रमाणांत प्रौढ आणि वृद्ध यांच्यासाठी एकच आकडा दिला आहे.

माझ्या नात्यातील ब्याऐंशी वर्षांच्या एक आत्याबाई एका मे महिन्यात असंबद्ध बोलू लागल्या. नातवंडांची नावे चुकू लागली, तोल जाऊ लागला. घरच्यांना वाटले, वयाचा परिणाम असेल; कोणी अर्धांगाची शंका घेतली. दवाखान्यात तपासणी झाली, तेव्हा पाण्याची तीव्र कमतरता निष्पन्न झाली. गुडघेदुखीमुळे गॅलरीच्या टोकाला असलेल्या शौचालयापर्यंत जाणे त्यांना नकोसे झाले होते, म्हणून त्यांनी पाणी पिणेच सोडले होते. चार दिवसांत त्या सावरल्या. पुढे त्यांच्या सूनबाईंनी दोन गोष्टी केल्या : शौचालयाच्या वाटेवर धरायला दांडी बसवली आणि रोज सकाळी एक तांब्या भरून सासूबाईंच्या उशाशी ठेवला. दुपारी आणि सायंकाळी तांब्यात किती उरले, हे त्या पाहतात. हिशेब ठेवण्याची याहून सोपी रीत मला माहीत नाही.

आपल्यातील पुष्कळ ज्येष्ठ चौविहार पाळतात. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशीच्या नवकारशीपर्यंत हिवाळ्यात सुमारे चौदा तास पाण्याचा थेंब वर्ज्य असतो. व्रताबद्दल मला पूर्ण आदर आहे. म्हणूनच त्याची पूर्वतयारी नीट व्हावी, असे वाटते. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी घाईघाईने दोन तांबे पाणी पिणे म्हणजे पूर्वतयारी नव्हे. शरीर उंटाप्रमाणे साठा करीत नाही. एकदम प्यालेले पाणी ते लघवीवाटे लगेच खर्ची टाकते. नवकारशीनंतर एक-दोन फुलपात्रे, मग दर दीड-दोन तासांनी एक, याप्रमाणे दिवसभरात पाणी वाटून घ्यावे. लघवी फिकट पिवळी असली तर हिशेब जुळला असे समजावे. गडद झाली तर तूट आहे. मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे विकार असलेल्यांना मात्र जास्त पाणीही अपायकारक ठरते. त्यांनी आपले प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. मधुमेही आणि वृद्धांनी मोठी तपश्चर्या आरंभण्यापूर्वी गुरुमहाराजांची आज्ञा घेताना आपली प्रकृती आणि चालू औषधे यांचीही स्पष्ट कल्पना त्यांना द्यावी.

बंधू-भगिनींनो, तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपले पूर्वज सांगत आले. ज्यांना तहान बोलून दाखवता येत नाही ते बालक आणि ज्यांना ती जाणवतच नाही ते वृद्ध, या दोघांच्या पाण्याचा हिशेब घरातील कर्त्या माणसांनी ठेवावा. उद्या सकाळी आपल्या घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीजवळ भरलेला तांब्या आणि फुलपात्र ठेवावे आणि सायंकाळी तो तांब्या आठवणीने पाहावा, एवढी विनंती करून मी माझे चार शब्द पुरे करतो.

जय जिनेंद्र.