दक्षिणेकडे वळा

(वसई येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

सप्तर्षी तुम्ही शाळेपासून ओळखता. त्यांच्या शेपटीचा बाक पुढे नेला की नारिंगी स्वाती, आणखी पुढे चित्रा. हे तुम्हाला येतं, म्हणून थांबत नाही. मला तुम्हाला दक्षिणेकडे वळवायचं आहे. चित्रेजवळ हस्ताचा चौकोन आहे. त्याच्या सरळ खाली, क्षितिजालगत, त्रिशंकू तारकासमूह! त्याच्या नावामागची विश्वामित्रांची गोष्ट सांगत बसत नाही.

मेच्या मध्यात रात्री साडेनऊच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला उभा असतो. वसईचा अक्षांश १९.४. त्यामुळे त्याचा वरचा तारा साडेतेरा अंशांवर, खालचा साडेसातवर. दिल्लीत तो खालचा तारा उगवतच नाही. (एक आवाज : दिल्लीला काहीतरी कमी आहे म्हणायचं! हशा.) आहे ना! त्रिशंकूच्या डावीकडे मित्र तारा, सव्वाचार प्रकाशवर्षांहून थोडा लांब, नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांत सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी.

१ मे १५०० रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यावरून पोर्तुगीज दर्यावर्दी काब्रालच्या आरमारातल्या मास्टर जुआंवने पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहिलं आणि त्यात त्रिशंकूच्या ताऱ्यांची आकृती काढून त्यांना क्रूस म्हटलं. तेच आरमार पुढे कालिकतला आलं. आता १७३९ चा मे घ्या. मराठा सेनापती चिमाजी अप्पांचे मोर्चे वसईच्या पोर्तुगीज किल्ल्याच्या उत्तरेला, जमिनीच्या बाजूने. सुरुंग लागलेत, सेबॅस्तियन बुरूज ढासळतोय. दक्षिणेला तोंड करून लढणाऱ्या मावळ्याला ढग नसतील त्या रात्री तटावर त्रिशंकू दिसला असेल. आत वेढलेल्या पोर्तुगिजाला तोच क्रूस खाडीवर. तेव्हा तो आजच्यापेक्षा सुमारे दीड अंश उंच होता; पृथ्वीचा अक्ष हळूहळू डोलतो, म्हणून तो खाली सरकतोय. किल्ला पडल्यावर वसईतल्या चर्चच्या घंटा कुठल्या देवळांत गेल्या, तेही सांगायचं होतं... अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. मग घंटा राहू द्या, दिव्यांचं बोलतो.

आपलं दक्षिणेचं आकाश मुंबईच्या उजेडात बुडालं आहे. क्षितिजाजवळचा तारा हवेच्या जाड थरातून दिसतो, म्हणून तो आधी विझतो. त्यात आता किनाऱ्यावर प्रखर दिवे आले. समोरच्या ताईंनी विचारलं, अंधारात बायकांनी चालायचं कसं? बरोबर आहे. दिवे काढा असं मी म्हणतच नाही! दिव्यावर झाकण बसवा, उजेड रस्त्यावर पाडा. आभाळात गेलेल्या उजेडाने कुणाला वाट दिसत नाही, आणि त्याचं बिल आपणच भरतो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ढग येतील. त्याआधी अमावस्येच्या आसपासची एक रात्र निवडा. राजोडी, कळंब, भुईगाव, कुठलाही किनारा घ्या. सुरूच्या बनाबाहेर या आणि किनाऱ्याच्या रेषेने दक्षिणेकडे पाहा. घरातल्या मुलांना न्या. आणि आपल्या गल्लीतल्या उघड्या दिव्याला झाकण हवं, असा अर्ज याच आठवड्यात करा.