मोतीबिंदू : पिकण्याची वाट पाहू नये



आपल्या घरांतील वडील मंडळींच्या तोंडी एक वाक्य अजूनही ऐकू येते : "मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू." हा सल्ला एके काळी शहाणपणाचा होता. आज तो घातक ठरू शकतो, एवढेच मला सांगावयाचे आहे.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर वाढणारा पडदा नव्हे. बाहुलीमागील नैसर्गिक भिंग गढूळ होणे, हेच त्याचे स्वरूप. सुश्रुतसंहितेत त्यावर शलाकेचा उपचार वर्णिलेला आहे. गढूळ भिंग डोळ्याबाहेर काढण्याची शस्त्रक्रिया फ्रान्समध्ये जाक दाव्हियेल यांनी १७४७ साली केली. परंतु कच्चे भिंग पुरते निघत नसे, आणि निघाले तरी रोग्यास जन्मभर जाड चष्मा लावावा लागे. म्हणून दृष्टी बहुतेक जाईपर्यंत थांबणेच इष्ट मानीत.

ही अडचण दोन शोधांनी दूर केली. महायुद्धात विमानाच्या आच्छादनाचे ॲक्रिलिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले, तरी डोळा ते सहन करतो, हे हॅरल्ड रिडली यांनी हेरले. आणि १९४९ साली लंडनमध्ये त्याच जातीच्या पदार्थाचे कृत्रिम भिंग डोळ्यात बसविले. पुढे १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केल्मन यांनी श्राव्यातीत ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याची रीत काढली. आता सुमारे तीन मिलिमीटरांचा छेद पुरतो. बहुधा टाकाही लागत नाही. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून स्वस्त स्वदेशी भिंगे सिद्ध केल्यामुळे हा लाभ गरिबांच्याही आटोक्यात आला.

उलट, अतिपक्व भिंग कठीण होते व शस्त्रक्रिया अवघड करते. क्वचित ते फुगून डोळ्यातील द्रवाची वाट अडविते. दाब वाढून दृष्टिमज्जा दुखावते. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी बहुधा परत मिळते. दृष्टिमज्जा नष्ट झाल्याने गेलेली दृष्टी मिळत नाही.

तेव्हा वाचन, स्वयंपाक वा जिना उतरणे कठीण होऊ लागताच नेत्रवैद्यांस दाखवावे. "आता मला काय पाहावयाचे आहे?" असे म्हणून आपल्या आजी व माता मागे राहतात. त्यांचा हा संकोच दूर करणे मुला-नातवंडांचे कर्तव्य आहे. त्यांनी विचारण्याची वाट न पाहता, आपणच त्यांना घेऊन जावे, ही नम्र विनंती.