सुई कोणत्याही जातीची नाही
(खेड्यातील शेतकरी व कारागीर मंडळींपुढे झालेले भाषण)



आज मी भटभिक्षुकांवर टीका करणार नाही, की निवडणुकीचे नावही काढणार नाही. रोजचे कपडे घरच्या घरी कसे शिवावेत, एवढेच सांगणार आहे. कोणी म्हणेल, सभेत उभे राहून हा गृहस्थ सुईदोऱ्याच्या गोष्टी काय सांगतो! परंतु या सुईदोऱ्यापायी माझी शाळा बुडाली होती, म्हणून बोलतो.

मी लहान असताना माझ्या एकुलत्या एका सदऱ्याची बगल उसवली. वीतभर शिवण. घरात सुई होती, दोराही होता. पण वडील म्हणत, "ते काम शिंप्याचे, आपले नव्हे." आई दिवस उगवायच्या आत दुसऱ्याच्या शेतावर जाई. लग्नसराईचे दिवस, शिंप्याला सवड नव्हती. पोरे हसतील या लाजेने मी पंधरा दिवस शाळेकडे फिरकलो नाही. त्या पंधरा दिवसांत अपूर्णांक शिकवून झाले. ते पुढे मला फार जड गेले. अमुक काम अमुक जातीचेच, ही समजूत आपल्या डोक्यात ज्यांनी भरली त्यांचे काही बिघडले नाही. बिघडले ते आपल्या पोरांचे.

जाडेभरडे व ठिगळाचे कपडे घालण्यात कमीपणा नाही. सन 1888 मध्ये पुण्यास ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरि रावजी चिपळूणकर यांनी मेजवानी दिली. बडी मंडळी दागदागिन्यांनी नटून आली होती. जोतीराव फुले मात्र शेतकऱ्याच्या साध्या पोशाखात गेले, आणि खरी रयत कशी राहते ते त्यांनी राजपुत्रास ऐकविले. ठिगळाची लाज नको. उसवलेले तसेच अंगावर वागविण्याची असावी.

आता कामाचे बोलू. पहिल्याने बिनबाह्यांची बंडी शिवावी, कारण तिचे तुकडे सरळ असतात. 36 इंच पन्ह्याचे सुती कापड पावणेदोन वार घ्या. ते रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. कोरे कापड धुतल्यावर आटते. आधी शिवले तर पहिल्या धुण्यातच बंडी तोकडी होते. मग माप घ्या. छाती 36 इंच असेल तर बंडीचा घेर 40 धरावा. वाकून काम करणाऱ्या माणसाला चार इंच सैल हवेच. म्हणजे पाठ 20 इंच, आणि दोन्ही बाजूंच्या शिवणीसाठी अर्धा अर्धा इंच धरून 21. समोरची बाजूही तेवढीच; ती मधोमध कापावी. उंची 28 असेल तर 30 धरा. कापडाची लांबी अंगाच्या उंचीला ठेवा. उरलेल्या पट्टीत खिसा, गळपट्टी व गुंड्यांच्या पट्ट्या निघतात.

गळा व बगल कशी कापावी असे वाटेल, तर जुनी विटकी बंडी उसवून तिचे तुकडे वाचून झालेल्या वर्तमानपत्रावर ठेवा आणि भोवती अर्धा इंच सोडून कागद कापा. आमचे वर्तमानपत्र आधी वाचा मात्र, मग त्याला कात्री लावा!

दोरा हातभरच घ्यावा. लांब दोरा गुंततो. खांदा व बगल येथे ओढ बसते, म्हणून तेथे एक टाका मागे घेऊन पुढे जावे. नुसत्या धावदोऱ्यावर भागवू नये. शिवणीचे सुटे काठ आत मुडपून पुन्हा एकदा शिवावेत, म्हणजे धागे निघत नाहीत. बाह्यांचा सदरा शिवाल तेव्हा बगलेत चौकोनी तुकडा तिरपा बसवा. हात वर केला, कुदळ उगारली, तरी शिवण फाटत नाही.

येथे बसलेले शिंपी बांधव विचारतील, "आमच्या पोटाचे काय?" प्रश्न रास्त आहे. ज्या समाजात नामदेव महाराज जन्मले, त्याच्या पोटावर पाय देण्यास मी सांगणार नाही. पण तुमचे गिऱ्हाईक घरच्या सुईने नेले, की बाजारातल्या तयार कपड्यांनी? ज्याने स्वतः एक बंडी शिवली, त्यालाच चांगल्या बेतणीची किंमत कळते. म्हणून कठीण कापड शिंप्याकडून बेतून घ्या, सणाचे कपडे त्याच्याकडेच द्या, आणि मजुरी रोख द्या. त्याच्याकडून शिकायचे असेल तर तेही फुकट मागू नका. कारागिराची विद्या हे त्याचे शेत आहे.

दुसरी गोष्ट पुरुषांना सांगतो. हे ऐकून घरी जाल आणि बायकोपुढे कापड टाकाल, तर माझे भाषण वाया गेले. ती आधीच रानात राबते, चूल सांभाळते. गावोगाव शिंपीकाम पुरुषच करीत आले. मग तुमच्याच बोटांना सुई का टोचावी? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने 1890 साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. सुटीतला एक तास बाप, आई, मुलगा व मुलगी यांनी एकत्र बसून शिवणाला द्यावा.

माझी मागणी मोठी नाही. आज घरी गेल्यावर पोरांचे सदरे व परकर दिव्याखाली धरून पाहा. उसवलेले असेल ते निजण्यापूर्वी शिवा. उद्या सकाळी शाळेची घंटा होईल, तेव्हा वीतभर शिवणीसाठी आपल्या गावचे एकही मूल घरी राहू नये. एवढे झाले तरी मी भरून पावलो. जय सत्य!