शाळेची हजेरी, आजारपण आणि आपली भारतवारी

आज बोलायचंय शाळेच्या नियमांबद्दल. विषय तसा रुक्ष आहे, पण दर वर्षी डिसेंबर जवळ आला की आपल्या मंडळींच्या फोनवर हीच चर्चा सुरू होते. "चार दिवस आधी निघालो तर तिकीट निम्म्यात पडतं, शाळेला काय सांगायचं?" मी जे सांगतोय ते इंग्लंडमधल्या शाळांपुरतं आहे. स्कॉटलंड आणि वेल्समधल्या श्रोत्यांनी आपापल्या शाळेचे नियम वेगळे पाहावेत.

आधी हिशेब समजून घेऊ. इथे हजेरी दिवसातून दोनदा लागते, सकाळी आणि दुपारी. म्हणजे शाळेच्या एका दिवसाची दोन सत्रं. वर्षात शाळेचे साधारण १९० दिवस, म्हणजे ३८० सत्रं. यातली १० टक्के किंवा जास्त चुकली, की ते मूल 'सतत गैरहजर' या गटात मोजलं जातं. १० टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण ते वर्षाचे १९ दिवस झाले. भारताची एक लांब सहल, दोन तापाचे आठवडे आणि दाताच्या डॉक्टरच्या चार फेऱ्या, एवढ्यात तो आकडा गाठता येतो.

आता दंड. ऑगस्ट २०२४ पासून संपूर्ण इंग्लंडसाठी एकच चौकट आहे. शाळेच्या दहा आठवड्यांच्या अवधीत १० सत्रं, म्हणजे पाच दिवस, विनापरवानगी चुकले की दंडाची नोटीस येऊ शकते. रजिस्टर बंद झाल्यावर उशिरा पोचलेली सकाळही यात धरली जाते. दंड १६० पौंड, २१ दिवसांत भरला तर ८०. पण तो दर पालकाला आणि दर मुलामागे असतो. आई, बाबा आणि दोन मुलं असतील तर चार नोटिसा: लवकर भरल्या तर ३२० पौंड, नाहीतर ६४०. त्याच मुलासाठी तीन वर्षांत दुसऱ्यांदा नोटीस आली तर सवलत नाही, सरळ १६०. तिसऱ्या वेळी दंडाची नोटीस मिळत नाही, प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ शकतं. तिथे दंड २,५०० पौंडांपर्यंत होऊ शकतो.

आपल्यातले काही जण इथे गणित मांडतात. तिकिटात हजार पौंड वाचतात, दंड तीनशेवीस, म्हणजे फायदाच. माझं एमबीएचं शिक्षण मला सांगतं की बेरीज बरोबर आहे. पण त्या कागदावर एक रकाना सुटलेला असतो. पुढच्या तीन वर्षांत घरात काय होईल हे आपल्याला ठाऊक नसतं. आई-वडील ऐंशीच्या घरात असतात. शाळेची सद्भावना स्वस्त तिकिटासाठी खर्च केली, तर खऱ्या गरजेच्या वेळी हातात काय राहतं?

"आमच्या मुलाची बाकीची हजेरी उत्तम आहे" हा बचाव चालतो का? नाही. आइल ऑफ वाइटच्या एका वडिलांनी २०१५ साली मुलीला सात दिवस सुटीवर नेलं आणि दंड भरायला नकार दिला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २०१७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नियमित हजेरी म्हणजे शाळेच्या नियमांप्रमाणे हजेरी. तेव्हापासून तो वाद मिटला.

मग परवानगी कधी मिळते? मुख्याध्यापक फक्त 'अपवादात्मक परिस्थिती'त रजा देऊ शकतात. २०१३ च्या आधी सुटीसाठी दहा दिवसांपर्यंत रजा देण्याची मोकळीक होती, ती तेव्हाच गेली. स्वस्त तिकीट अपवादात बसत नाही. धार्मिक सणाचा दिवस वेगळ्या नोंदीखाली येतो, पण तो सणाचाच दिवस हवा. लक्ष्मीपूजनाच्या दिवसाची रजा मागणं रास्त आहे. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतचा आठवडा मागितला तर मिळणं अवघड. गणपती बऱ्याचदा सप्टेंबरात येतो, शाळा नुकतीच उघडलेली असते. तेव्हा स्थापनेचा एक दिवस, आधी लेखी कळवून, एवढंच मागावं.

माझे वडील साताऱ्याला गेले, तेव्हा शुक्रवारची दुपार होती. विमानतळावरूनच मुख्याध्यापिकांना ईमेल केली. दहावा आणि तेरावा म्हणजे काय, नातीने तिथे असणं आम्हाला का हवं आहे, हे पाच ओळींत लिहिलं आणि शाळेचे दहा दिवस मागितले. पाच मिळाले, सोबत दोन मायेची वाक्यं. मी तेराव्यापर्यंत थांबलो. बायको आणि मुलगी शनिवारी दुपारी मुंबईला निघाल्या. दुसऱ्या दिवशी घाटावर पिंडाला कावळा शिवला, तेव्हा त्या दोघी विमानात होत्या. मला ते टोचलं, आजही टोचतं. पण सोमवारी मुलगी शाळेत गेली तेव्हा तिच्या बाईंना सगळं ठाऊक होतं. त्यांनी तिला मधल्या सुटीत जवळ बसवून आजोबांबद्दल विचारलं. "पोटात दुखतंय" असं खोटं कळवून गेलो असतो, तर मुलीला तेही दुःख लपवावं लागलं असतं. मुलांना खोटं बोलायला लावू नका, श्रोतेहो. सहा वर्षांचं मूल आजोळच्या गाईचं वर्णन वर्गात केल्याशिवाय राहत नाही.

आणखी एक धोका. भारतात गेलात आणि ठरल्यापेक्षा जास्त राहावं लागलं, तर शाळेला रोज नाही तरी वेळच्या वेळी कळवत राहा. मंजूर रजा संपल्यावर मूल दहा शालेय दिवसांत परतलं नाही आणि शाळेला व कौन्सिलला शोधूनही त्याचा पत्ता लागला नाही, तर नाव पटावरून निघू शकतं. चांगल्या शाळेतली जागा परत मिळेलच असं नाही. तिथे मूल आजारी पडलं तर डॉक्टरांचा कागद इंग्रजीतून, तारखेसह घेऊन ठेवा.

आता आजारपण. साध्या सर्दी-खोकल्यासाठी घरी ठेवायची गरज नसते, ताप असेल तर ठेवावं. उलट्या-जुलाब झाले तर शेवटच्या उलटी-जुलाबापासून ४८ तास घरी. कांजिण्यांत पुरळ उठल्यापासून किमान पाच दिवस, आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. उवा झाल्या म्हणून घरी ठेवायचं नसतं, उपचार करून पाठवायचं. सकाळी शाळेला कळवायला विसरू नका. नाहीतर त्यांचा फोन येतो, आणि तो यायलाच हवा. मूल घरून निघालं आणि पोचलं नाही, हे सगळ्यात आधी तिथेच कळतं.

औषध द्यायचं असेल तर मुलाच्या दप्तरात क्रोसिनची पट्टी ठेवू नका. डॉक्टरांनी दिलेलं औषध मूळ बाटलीत, नावाच्या लेबलसह, ऑफिसात फॉर्म भरून द्यायचं असतं. दमा किंवा ॲलर्जी असेल तर शाळेकडून लेखी आरोग्य योजना करून घ्या.

ॲलर्जीवरून आपल्या डब्याकडे येऊ. शेंगदाण्याची चिक्की, दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, काजूकतली यांत शेंगदाणे आणि काजू आहेत हे आपल्याला कळतं. तीळ मात्र लक्षात येत नाहीत. या देशाच्या १४ ॲलर्जीकारक पदार्थांच्या यादीत तीळही आहेत. संक्रांतीला वर्गात तिळगूळ वाटायची हौस असेल, तर आधी बाईंना विचारा. गोड बोलायचं ते विचारूनही बोलता येतं.

शेवटी एक छोटं काम. उन्हाळ्यात आजी-आजोबा आले की तेच नातवंडांना आणायला जातात. शाळेच्या यादीत त्यांचं नाव नसेल तर शाळा मूल ताब्यात देणार नाही. आजोबांना वाटतं अपमान झाला, शाळेला वाटतं आपलं काम झालं. म्हणून त्यांच्या येण्याआधीच नाव कळवा. आणि तातडीच्या संपर्कासाठी एकाहून जास्त फोन नंबर द्या, त्यातला एक तरी इथल्या शेजाऱ्याचा असू द्या. तुम्ही दोघंही मीटिंगमध्ये असताना मुलाला ताप चढला, तर पुण्यातली मावशी ते मूल उचलून आणू शकत नाही.

आज रात्री जेवण झाल्यावर शाळेच्या संकेतस्थळावरचं हजेरीचं धोरण एकदा वाचून काढा. पंधरा मिनिटं लागतील. तिकीट काढायच्या आधी वाचलंत तर उत्तम.